टंबाट्यांचा अंजिरी फेटा

"टंबाट्याला."

"काय म्हणलीस?"

"फेटा कुठं हाय म्हणून इचारलासा न्हवं? टंबाट्याला हाय. किती येळा सांगू?"

"अगं, मी मुंडाशाचं इचारत न्हाय! माझा दरबारी फेटा! अंजिरी! जरीच्या पदराचा! पेटीत तळाला, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला!"

"त्योच की. गोळ्या हायत अजून पेटीत. त्या घाला डोस्क्यावर."

"बने, मला राग येईल हां!"

"येऊ द्या. तेवढं तरी काईतरी येऊ द्या ह्या घरात."

खंडेनवमीची सकाळ. माजघरात पेटी उघडी पडलेली, तिच्या पोटातलं सगळं जमिनीवर आलेलं: एक बाराबंदी, एक तुमान, हिंदळकर सरकारांच्या नावाचा पितळी बिल्ला. आणि या सगळ्याच्या मधोमध सयाजीराव अब्दागिरे, नुकतीच अंघोळ झालेले, डोकं ओलं, मिशांना तेल लावून पीळ दिलेला. मिशा तयार होत्या, मालक तयार होता, फक्त वर ठेवायचं ते नव्हतं. गावात सगळ्यांनी आपापल्या हत्यारांची पूजा मांडली होती. बनाबाईनं आपलं खुरपं आणि विळा धुऊन, हळद-कुंकू लावून कधीच पाटावर ठेवले होते. त्यांच्या शेजारी फेट्याची घडी ठेवायची म्हणून सयाजीरावांनी पेटी उघडली, आणि पुढचं वर आलंच आहे.

सयाजीराव अब्दागिरे म्हणजे कोण, हे जुन्या बुधवार पेठेत कुणाला सांगायला नको. आणि जुन्या बुधवाराबाहेर सांगून कुणाला कळायचं नाही.

त्यांच्या घराण्याचं काम नावातच होतं. जहागीरदार हिंदळकर सरकारांची स्वारी निघाली की सरकारांच्या मागं अब्दागीर धरायची. अब्दागीर म्हणजे उंच काठीच्या टोकाला बसवलेलं भलंमोठं भरजरी पान. त्यानं ऊन अडत नाही, पाऊस थांबत नाही, वाराही येत नाही. ते फक्त सरळ धरायचं असतं. पुढं झुकू द्यायचं नाही, मागं कलू द्यायचं नाही. सरकारांनी दिलेला अंजिरी फेटा बांधून हे काम सयाजीरावांच्या आज्यानं केलं, बापानं केलं, आणि त्यांच्यापर्यंत येईतो त्यात सुधारणा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दसऱ्याला एकदा धरायची, सरकारांच्या घरी लग्नकार्य निघालं तर आणखी एकदा. बाकीचं वर्ष त्या कामाचा शिणवटा घालवण्यात जायचं.

बनाबाई गारगोटीकडची. सोयरीक जुळवताना मध्यस्थानं तिच्या बापाला सांगितलं होतं, "पोरगा दरबारात असतोय. सरकारांच्या लगीच मागं." बापाला वाटलं, म्हणजे मानानं सरकारांच्या लगेच मागचाच माणूस! त्यानं मंडपात जावयाचे पाय दोनदा धुतले. मागं म्हणजे खरंच मागं, पाठीमागं, काठी धरून, हे त्याला पहिल्या दसऱ्याला मिरवणूक बघायला आल्यावर समजलं. तोवर पोरगी नांदायला लागली होती.

पुढं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हिंदळकरांची जहागीर गेली, घोडे गेले, घोड्यांमागचे मोतद्दार गेले. सरकार हा शब्द तेवढा राहिला, आणि तो उच्चारायला सयाजीराव राहिले. थोरले सरकार वारले. धाकटे पुण्यात राहायला गेले. दसरे येत होते, जात होते, आणि दर दसऱ्याच्या आधी सयाजीराव दारात बसून निरोपाची वाट बघत होते. बाकी त्यांना दुसरा उद्योग नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्वतःचा मान सांभाळणं हा पूर्ण वेळेचा उद्योग आहे, आणि त्यात सुट्टी नसते.

चूल मात्र मानावर पेटत नाही. म्हणून बनाबाईनं घरामागच्या परड्यात टंबाटी लावली. एका बंगल्याच्या माळ्याकडून रोपं आणली, वाफे केले, आणि दोन हंगामांत जुन्या बुधवारातली बनाबाई मंडईत 'टंबाटीवाली' झाली. पाटी डोक्यावर घेऊन ती रोज जायची. एकदा ताप आला म्हणून तिनं मालकांना म्हटलं, "आजच्या दीस तुमी न्हेतासा का पाटी?"

सयाजीराव उभेच राहिले. "ह्या डोस्क्यावर सरकारांचा फेटा बसतोय. ह्या डोस्क्यावर पाटी बसायची न्हाय."

"बरं," ती म्हणाली, आणि ताप घेऊन निघाली. त्या डोक्याच्या खालच्या तोंडाला टंबाट्याची कोशिंबीर मात्र चालायची. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलीसुद्धा चालायची.

आता टंबाटीचं झाड कसं असतं, ते सांगायला हवं. मोठं मानी झाड! कोवळं असतं तेव्हा असं ताठ उभं राहतं, की याला जन्मात कुणाची गरज लागणार नाही. मग फळं धरतात. फळांत पाणी भरतं, आणि मग कंबर मोडते. वेळेवर काठी रोवून बांधलं नाही तर सगळा संसार घेऊन चिखलात बसतं, आणि चिखलाला लागलेलं फळ सकाळपर्यंत सडतं. बनाबाईला हे सगळं नवीन नव्हतं. फरक इतकाच, की झाडाला ओझं आल्यावर टेकू लागायचा. घरात कसलंच ओझं नसताना लागत होता.

चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या तिनं आधीच रोवल्या होत्या. प्रश्न बांधायचा होता. पहिल्या वर्षी तिनं सुतळी वापरली. फळ वजनाला आलं तशी सुतळी कोवळ्या दांड्यात रुतली आणि झाडं मधूनच चिरली. शेजारच्या रत्नाबाई, शिरोळकडच्या जैन, कुंपणाच्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या होत्या, "आक्का, मऊ कापूड घे की. बाळंतिणीच्या पोटाला बांधतात तसं." रत्नाबाईंच्या घरी टंबाटं चालत नसे. रंग मांसाचा म्हणून त्या हातातसुद्धा घेत नसत. पण दिवसातून चार वेळा भिंतीवरून बघायला मात्र यायच्या. बघण्यात पाप नसावं.

बनाबाईनं मग आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि मराठी चारच्या आकड्यासारखा वेढा घातला: अर्धा वेढा काठीला, अर्धा दांड्याला, मध्ये फुली. दांडा सैल, काठी घट्ट. खालचे बांध लुगड्यात भागले. झाडं वाढली, वरचे बांध आले, आणि लुगडी संपली. अंगावरचं एक आणि दोरीवरचं एक, इतकीच उरली.

भादव्यातला पाऊस दोन दिवस थांबत नव्हता. झाडं फळांनी लगडून कलायला लागली होती. तिनं घरात येऊन विचारलं, "अवो, जुनं धोतर बितर हाय का तुमचं?"

तिचं चुकलं ते वेळेत. त्याच दिवशी सयाजीराव बाजारातून जाताना कुणीतरी हाक मारली होती, "ओ टंबाटीवालीचे मालक!" घरी येऊन ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. धोतराचं नाव काढताच उसळले.

"धोतर कशाला? फेटा घे की माझा! अंजिरी! बांध तुझ्या टंबाट्यास्नी! न्हाईतरी मान आता त्यास्नीच हाय ह्या घरात!"

"खरंच घेऊ?"

"घे की! चांगला फाडून घे! मानकरी न्हवं का त्ये!"

आता, सयाजीराव हे टोमण्यानं बोलले, हे बनाबाईला कळलं नाही असं नाही. सगळं लग्न टोमण्यावर काढलेली बाई ती. पण तिनं विचार केला. या माणसाशी आपण सरळ बोललेलं एकही वाक्य कधी उपयोगी पडलं नाही. आज त्याचंच एक वाकडं वाक्य वापरून बघू. पेटीला कुलूप नव्हतं, बाहेर पाऊस होता. फेटा फाडताना टरकन् आवाज झाला. पुढच्या सोप्यात बसून सयाजीराव म्हणाले, "लुगडं फाडतीस व्हय? फाड, फाड!"

जरीचा पदर तेवढा तिनं फाडला नाही. रत्नाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "जर टोचती वो झाडाला." आणि तो घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवला. देवळीत जर कुणाला टोचत नाही.

सयाजीराव परड्यात पाऊल टाकत नसत. चिखल असायचा, आणि चिखलाचं नि त्यांचं जमत नसे. त्यामुळं ही गोष्ट तशीच झाकून राहिली असती. पण काल संध्याकाळी वाड्यावरचा गडी दारात आला. आप्पासो कारभाऱ्यांचा निरोप होता: यंदा दसऱ्याला धाकटे सरकार पुण्याहून येऊन स्वारीनं बाहेर पडणार. अब्दागिऱ्यांनी अंजिरी फेटा घेऊन नवमीला सकाळी वाड्यावर यावं.

त्यानंतर सयाजीराव पेठेत घरोघर जाऊन आले. कुणाच्या घरी पाणी प्यायले, कुणाच्या घरी चहा, आणि सगळीकडं एकच वाक्य: "सरकारांचं माझ्याबिगर पान हालत न्हाय." अब्दागिरीचं पान हलू द्यायचंच नसतं, पण असो.

आणि आता ते अनवाणी परड्याच्या दारात उभे होते.

समोर दरबार भरलेला होता. वाफ्यावाफ्यात, काठीकाठीला, ओळीनं उभे मानकरी. प्रत्येकाच्या कमरेला अंजिरी कमरबंद, एकेकाला छातीलाही एक. कुणाच्या अंगावर हिरवे, कुणाच्या पिवळे, कुणाच्या लालबुंद दागिने. थोरल्या सरकारांच्या वेळीसुद्धा इतका भरगच्च दरबार हिंदळकरांनी बघितला नसेल.

"ह्ये..." सयाजीराव म्हणाले.

"तुमीच म्हणलतासा," बनाबाई मागून म्हणाली. "मानकरी म्हणून."

"ते रागानं म्हणलतो मी!"

"मी कुठं लाडानं बांधलंय?"

भिंतीवर रत्नाबाईंचं डोकं आलं. "काय वो आक्का, पूजा झाली का?"

"चालू हाय."

"सोडणार!" सयाजीराव गरजले. "सगळी सोडणार! शिंप्याकडनं जोडून घेणार! टाके तर टाके! लांबनं कोण बघतंय?"

बनाबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "अवो, उद्या दसरा हाय. परवाच्याला सगळा तोडा निघतोय. दिवाळीपतूर घर त्याच्यावर हाय. आज सोडलासा तर सगळी फळं चिखलात जातील."

"आणि माझी इज्जत कुठं जाईल?"

"ती अंगावर न्हाय व्हय तुमच्या? फेट्यातच ठेवलीती?"

सयाजीराव तडक वाफ्यात उतरले. पहिल्याच, सगळ्यांत थोराड झाडापाशी गेले आणि वरची गाठ सोडली. मग खालची. अंजिरी पट्टी हातात आली.

झाड लगेच पडलं नाही. आधी नुसतं थरथरलं. मग शेंड्याकडून, अगदी सावकाश, सगळे घोस घेऊन बाजूला कलायला लागलं. आणि पट्टी सोडून सयाजीरावांचे दोन्ही हात पुढं गेले. एक वर, एक खाली. पायांत अंतर. पाठ ताठ. झाड जागच्या जागी उभं राहिलं: ना पुढं झुकलेलं, ना मागं कललेलं.

दहा-बारा पिकलेली टंबाटी त्यांच्या छातीला टेकली होती.

"व्वा!" बनाबाई म्हणाली. "सरळ धरलंयसा हां. सरकार बघाय पायजे हुतं."

"पट्टी दे इकडं."

"कशाला? तुमास्नी फेटा शिवायचा हाय न्हवं? बाकीची सोडा की. एका हातानं ह्ये धरा, दुसऱ्या हातानं ती."

"बने, पट्टी दे म्हणतो न्हवं! दांडा चिरतोय!"

"आक्का, दे बाई," भिंतीवरून रत्नाबाई. "फळं तुझीच पडतील."

बनाबाई वाकणार, इतक्यात परड्याच्या दिंडी-दरवाजातून आप्पासो कारभारी आत आले. काखेत छत्री, नाकावर चष्मा, धोतराचा सोगा चिखलापासून उचलून धरलेला. त्यांनी समोरचं दृश्य बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सयाजीराव, ही कुठल्या सरकारांची अब्दागीर म्हणायची?"

"या, या, कारभारी," सयाजीराव झाडासकट म्हणाले. "निघालोच हुतो. जरा फेटा बांधायचा राहिलाय."

"बांधायचा कशाला? मी फेटा घेऊन या म्हणून निरोप धाडला हुता. घेऊन. निस्ता आणून द्यायचा. भाच्याच्या डोस्क्याला कसा बसतोय बघाय पायजे."

"भाच्याच्या?"

"आमच्या बाळासोच्या. धाकट्या सरकारांस्नी मागं तरणा गडी पायजे. फोटोवाला येणार हाय पुण्यासनं." आप्पासोंनी आवाज मऊ केला. त्यानं बोलणं मऊ झालं नाही. "राग धरू नका, सयाजीराव. तुमची मान आता हलतीया. त्या रंगाचा फेटा तेवढा तुमच्याबिगर कुणाकडं उरला न्हाय, म्हणून इतक्या लांब आलो. न्हाईतर तुमास्नी कशाला तरास दिला असता?"

भिंतीवरचं डोकं खाली गेलं. बघण्यात पाप नसलं तरी काही गोष्टी रत्नाबाईंनाही बघवत नसत.

'घेऊन.' काल गडी दारात बोलला तेव्हाच हा शब्द बनाबाईच्या कानाला खटकला होता. 'बांधून' म्हणायला हवं होतं. पण तेव्हा सयाजीराव मिशांना पीळ देत होते, आणि इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा तिनं तसा बघितला नव्हता. तिनं विचारलं नाही. आता तिच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं. सगळ्या संसारात सुचलं नसेल इतकं धारदार वाक्य: आज्याच्या फेट्याला बोलावणं आलं, नातवाला न्हाय. तिनं ते गिळलं. गिळताना ते टोचलं, जरीसारखं.

"बरं, फेटा कुठं हाय?" आप्पासोंनी विचारलं.

बनाबाई मालकांकडं बघत राहिली. सकाळपासून तीच उत्तर देत होती. आता तिनं दिलं नाही.

सयाजीरावांनी घसा खाकरला. "टंबाट्याला."

"काय म्हणलासा?"

"टंबाट्याला बांधलाय. म्याच सांगितलतं बांधाय."

आप्पासोंची नजर आता वाफ्यांवरून फिरली. अंजिरी, अंजिरी, अंजिरी. त्यांच्या हातातला सोगा सुटला आणि चिखलात पडला. "सरकारांचा फेटा? फाडून?"

"सरकारांनी आज्याला दिलाता. दिलेला हुता, कारभारी. उसना न्हवता."

"आवो, काय माणूस म्हणायचं का काय तुमी! आता सगळं सोडून घ्यावं लागंल. गडी धाडतो, शिंप्याला बसवतो..." आप्पासो पुढं झाले आणि शेजारच्या झाडाची गाठ ओढायला त्यांनी हात घातला.

"हात लावू नकासा."

सयाजीराव ओरडले नाहीत. म्हणून आप्पासोंचा हात थांबला.

"सोडलं की पडतंय त्ये. बघितलंय म्या आत्ताच. परवा तोडा हाय तिचा." मग मान न वळवता, "अगं, बांध ह्ये. हात भरून आलाय."

बनाबाईनं चिखलातली पट्टी उचलली, पदराला पुसली, आणि वेढा घातला. अर्धा काठीला, अर्धा दांड्याला, मध्ये फुली. गाठ मारताना तिची बोटं त्यांच्या हाताखालून गेली. झाड उभं राहिलं. सयाजीरावांनी हात काढले, आणि काढल्यावर थोडा वेळ तसेच वर धरून ठेवले.

"पदर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"देवळीत."

"आण."

ती आत गेली आणि जरीच्या पदराची घडी घेऊन आली. आप्पासोंचा चेहरा उजळला. "हां! पदर तरी हाय! वरनं दिसायला पदरच लागतोय. खाली काईबी गुंडाळू. द्या इकडं." त्यांनी हात पुढं केला.

पदर सयाजीरावांनी घेतला. उघडला. उन्हात धरून जर चमकते का बघितली. चमकत होती. मग त्यांनी तो पीळ देत देत वळला, गोल केला, टोक आत खोचलं. आप्पासोंना आधी ते काय आहे कळेना. बनाबाईला कळलं. रोज सकाळी ती चिंधीचं हेच वळून डोक्यावर ठेवत होती. चुंबळ!

सयाजीरावांनी ती आपल्या ओल्या डोक्यावर बसवली. कडेला पहाटे तोडलेल्या फळांची पाटी भरून ठेवली होती, तिच्यापाशी जाऊन वाकले, आणि बनाबाईकडं बघितलं. एकट्याला उचलायची नव्हती.

ती पुढं झाली. दोघांनी मिळून पाटी वर घेतली.

"मंडई उजव्या हाताला," ती म्हणाली. आवाज नेहमीचा करायचा तिनं बराच प्रयत्न केला. "वाडा डाव्या हाताला. सवयीनं वळाल कुठंतरी."

"आवो सयाजीराव!" आप्पासो मागून म्हणाले. "आनि मी सरकारांस्नी काय सांगू?"

परड्याची दिंडी बुटकी होती. सयाजीराव गुडघ्यांत वाकले, मान ताठ ठेवून खालून निघाले. पाटी पुढं झुकली नाही, मागं कलली नाही. बाहेर जाऊन ते उजवीकडं वळले.